वर्णाचे प्रकार दोन

शाळेत भूगोलाच्या शिक्षकाला फारसा मान नसतो. गणिताचे मास्तर आले की पोरं ताठ बसतात, इंग्रजीचे आले की घाबरतात आणि भूगोलाची बाई आली की बाकाखाली डबे उघडतात. तरी मी जन्मभर भूगोलच शिकवला, आणि तो भिवंडीत शिकवला, म्हणजे ओरडून शिकवला. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड होती. दिवसभर खटाखट चालू. मोसमी वारे सांगायचे तरी भांडायला उठल्यासारखे सांगावे लागायचे. यजमान घरी म्हणायचे, "अगं, हळू बोल. मी शेवटच्या बाकावर नाही बसलेलो."

संपादकांनी निरोप धाडला, की बाई, तुम्ही भिवंडीत होता, तेव्हा दंगलीच्या दिवसांवर लिहा. मी नाही लिहिणार. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे आठ गुणांच्या एका प्रश्नाबद्दल. त्या प्रश्नाने माझी झोप उडवली होती, आणि तो कसा निस्तरला हे आठवलं की अजून हायसं वाटतं.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी ख्रिस्ती, नगरकडची. वडील पाळक होते, म्हणजे आमच्या मंडळीचे धर्मगुरू. आणि रंगाने मी चांगली काळी. सावळी-बिवळी नाही, काळी. भिवंडीत रुजू झाले त्या वर्षी एक पालक माझ्याकडे बराच वेळ टक लावून बघत बसले होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाई, राग नका धरू. तुमी गोऱ्या सायबाच्या धर्मातल्या ना? मंग तुमी अशा कशा?" मी म्हटलं, "साहेब गेला तेव्हा रंग बरोबर घेऊन गेला." ते मनापासून हसले. मीही हसले. घरी जाऊन मात्र आरशात पाहिलंच.

आमच्या घरी भिंतीवर येशूचं चित्र होतं. गोरापान, निळे डोळे, सोनेरी केस. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, की सुतारकाम करणारा माणूस, उन्हातान्हात पायी फिरणारा, इतका गोरा कसा? वडील म्हणाले, "चित्रकार विलायतेचा होता. त्याने आपल्या गल्लीतला माणूस काढला. तू काढशील तेव्हा आपल्या गल्लीतला काढ." देवाने माणूस स्वतःच्या प्रतिमेचा केला, तेव्हा कुठल्याही माणसाला कमी लेखलं की आपण थेट देवाच्या चेहऱ्याला नावं ठेवतो, ही त्यांची शिकवण. ती मला तोंडपाठ होती. तोंडपाठ असणं आणि वेळेला आठवणं यात किती अंतर असतं, तेच आता सांगते.

साल नेमकं सांगत नाही. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध म्हणा. दंगल होऊन काही वर्षं झाली होती, पण गावाला तिची सल होतीच. शाळेत जात आणि धर्म हे शब्दच काढायचे नाहीत, असं न ठरवता ठरून गेलं होतं. इतिहासाचे शिक्षक काही धडे असे भराभर उरकायचे, की जणू गाडी चुकणार आहे. माझ्या भूगोलाला मात्र कुणी भीत नव्हतं. नववीला 'मानववंश' नावाचा दीड पानाचा धडा होता. गोरे, पिवळे, काळे. सगळ्यांना वाटायचं, हा तर परदेशातल्या लोकांचा विषय, याने इथे कुणाला काय होणार! मलाही तसंच वाटलं.

पोरांच्या हातात तेव्हा एक गाईड असायचं. त्यात या धड्याचा तक्ता होता: रंग, केस, नाक, ओठ, सगळं रकान्यांत मांडलेलं. शिक्षकाला ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट घोटून घेतलेली असते, की ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. मुलांना जे माहीत आहे त्यावरून माहीत नसलेलं शिकवा. नदी शिकवायची तर आधी गावची कामवारी दाखवा, मग गंगा. मी या नियमाची मोठी भक्त. तर त्या दिवशी तक्ता समजावताना माझी नजर तिसऱ्या बाकावर गेली आणि मी म्हटलं, "मंजुळा, उभी राहा बघू."

मंजुळा भोईर. नारपोलीच्या आगरी शेतकऱ्याची मुलगी. रंगाने काळी, केस कुरळे, बांधा उंच. लावणी-कापणीला महिना महिना गैरहजर, त्यामुळे भूगोल बेताचा. ती उभी राहिली. मी फळ्यावरच्या रकान्यांकडे छडी दाखवत म्हटलं, "हे बघा, केस कसे, वर्ण कसा. आता आफ्रिकेतली माणसं डोळ्यांपुढे आणा." मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, "आफ्रिका!" वर्ग फुटला. मी टेबलावर डस्टर आपटला, "गप्प बसा," म्हटलं आणि पुढच्या रकान्याकडे वळले. खरं सांगायचं तर मीही थोडी हसले होते. धडा रंगला म्हणून खुशीत होते मी!

त्या दिवसापासून मंजुळाचं नाव आफ्रिका पडलं. मला हे कळलं नाही. वर्गात बाईंसमोर कोण बोलणार?

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा आली. तेव्हा प्रश्नपत्रिका आम्हीच काढायचो आणि छापायचोही आम्हीच. स्टेन्सिल म्हणून एक मेणाचा कागद असे. त्यावर लोखंडी टोकाच्या लेखणीने लिहायचं, की मेण खरवडून अक्षर उमटतं. मग तो कागद सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चढवून दांडा फिरवायचा. एकदा खरवडलं की खोडता येत नाही. हात शाईने माखायचे, बोटं दुखायची आणि ओळ कडेला आली की शब्द कोंबताना नाकी नऊ यायचे. मी रात्री जेवणं उरकून दोन तासांत ती स्टेन्सिल ओढली.

मग पेपर तपासणी. स्टाफरूममध्ये आमचा एक दुष्ट खेळ चाले, तोही कबूल करते. विनोदी उत्तर सापडलं की मोठ्याने वाचून दाखवायचं. चहाबरोबर तेवढीच करमणूक. त्या दिवशी माझ्या हाती मंजुळाचा पेपर आला. आठ गुणांचा वर्णाचा प्रश्न, आणि तिचं उत्तर: 'वर्णाचे प्रकार दोन. स्वर आणि व्यंजन. स्वराचा उच्चार दुसऱ्याच्या मदतीशिवाय होतो. व्यंजनाचा उच्चार एकट्याने पुरा होत नाही, त्याला स्वराची मदत घ्यावी लागते.' खाली अ पासून सगळी वर्णमाला नीट ओळीत मांडलेली.

मी वाचून दाखवलं. हसून हसून गणिताच्या सरांच्या बशीत चहा सांडला. "भूगोलात व्याकरण! बाई, हिला मराठीत नद्यांची नावं विचारा," ते म्हणाले. मी त्या उत्तरावर लाल शाईने भलं मोठं शून्य काढलं. बेरीज केली. अठ्ठावीस. पास व्हायला पस्तीस लागत. ग्रेसचे गुण एकाच विषयाला मिळायचे आणि ते तिच्या इंग्रजीने आधीच खाल्ले होते. म्हणजे नापास. दरवर्षी पाच-सात होतात, त्यातली एक. मी गठ्ठा बांधला.

दोन दिवसांनी धामणकर नाक्यावर भाजी घेत होते, तर मागून हाक आली, "ओ बाई, वलखलाव का?" मंजुळाचे वडील होते. डोक्यावर टोपी, हातात लूमला लागणाऱ्या वस्तूंची पिशवी. शेती होतीच, शिवाय एका शेडमध्ये दोन लूमही टाकले होते. म्हणाले, "पोर पास हाय ना?"

मी म्हटलं, "निकाल लागायचाय अजून."

"न्हाय, म्हंजे पास झाली तर दावीला बसवीन. मी बोललोय तिला तसा. पन नापास झाली तर यंदाच लगीन उरकतो. एक स्थल आलाय अंबाडीकडचा. आता काय हाय बाई, पोर काली. वय वाढला मंग कोन करनार? शालेत बसून रंग तर उजलत न्हाय." हे ते वाईट हेतूने बोलत नव्हते. काळजीने बोलत होते. जाता जाता थांबले आणि म्हणाले, "बाई, एक इचारू? पोरीला शालेत आफ्रिका बोलतान. घरी येऊन रडते, सांगत काय न्हाय. आफ्रिका म्हंजे काय ओ?"

मी भूगोलाची बाई. आफ्रिका म्हणजे काय हे मला विचारलं होतं. खंड आहे असं सांगून भागणार नव्हतं. माझ्या हातातून मेथीची जुडी खाली पडली, ती त्यांनीच उचलून दिली. मी एवढंच म्हटलं, "दादा, उद्या तिला माझ्याकडे शाळेत पाठवा. सकाळीच."

घरी येऊन पुन्हा तो पेपर काढला. मग मूळ प्रश्नपत्रिका काढली. वाचते तर काय! मला लिहायचं होतं, 'मानवाचे वर्णावरून मुख्य प्रकार कोणते?' आणि स्टेन्सिलवर होतं, 'वर्णाचे मुख्य प्रकार कोणते? प्रत्येकाची वैशिष्ट्ये लिहा.' 'मानवाचे' लिहायला कडेला जागा उरली नव्हती, पुढच्या ओळीला मी घाईत थेट 'वर्णाचे' लिहून मोकळी झाले, आणि मानव गळला. काय म्हणावं या कर्माला! वर्ण शाबूत आणि मानव गायब. इतर मुलांनी सवयीने गोरे-पिवळे-काळे लिहिलं होतं, म्हणून माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

सकाळी मंजुळा आली. रिकामा वर्ग, लूमची खटाखट. मी पेपर पुढे ठेवला. "हे काय लिहिलंस गं?"

"उत्तर, बाई."

"धडा येत नव्हता?"

तिने मान वर केली आणि घडाघडा म्हणून दाखवला. तो तक्ता, सगळे रकाने, एक शब्द इकडचा तिकडे न करता. रंग असा, केस असे, नाक असं, ओठ असे. अख्ख्या भूगोलात तिला एवढं पाठ कधीच नव्हतं. वर्षभर तेच ऐकलेलं ना!

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुमी मला उभा केला व्हता ना बाई. त्या उत्तरात मीच हाय. आपल्याच हातानं आपल्याला तसा कसा लिवायचा?" ती जरा थांबली. "प्रश्नात मानूस नव्हता. मंग म्हटला, वर्न मराठीतपन हाय. त्यो लिवला का कोन कोनाला हसत न्हाय."

मला रडू आलं. विद्यार्थिनीसमोर शिक्षिकेने रडू नये म्हणतात. मी रडले. तीच घाबरली, म्हणाली, "बाई, पानी आनू?"

आमच्यात दर रविवारी उपासनेत पापांगीकार असतो. सगळी मंडळी एका सुरात म्हणते, की आम्ही चुकलो. मी कल्याणच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, तो वर्षानुवर्षं म्हणत होते, आणि तो मला कधी जड गेला नव्हता. सगळ्यांबरोबर म्हणायचा असतो, नाव कुणाचंच नसतं. पण एकटीने, आपल्या नावानिशी, हेडमास्तरांच्या टेबलासमोर उभं राहून म्हणायचा म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

आमचे हेडमास्तर आपटे सर संस्कृतचे. नियमाला इतके पक्के, की घंटा अर्धा मिनिट उशिरा वाजली तर शिपायाला लेखी खुलासा मागत. मी सगळं सांगितलं. उभं केल्याचं, हसल्याचं, शून्याचं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साळवेबाई, झालं ते वाईट झालं. पण म्हणून गुण कसे वाढवायचे? भूगोलात व्याकरण चालवलं, तर उद्या गणितात कुणी आरती लिहील."

"सर, दयेने वाढवू नका. प्रश्न वाचा."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. "मानव कुठे आहे?"

"माझ्याकडून गळला."

"अहो, मानव गळला तर शिल्लक काय राहिलं!" ते खुर्चीत मागे टेकले. त्यांना प्रश्नपत्रिकेतली चूक म्हणजे ताटात खडा. शेवटी म्हणाले, "प्रश्न जसा छापला आहे तसा ग्राह्य. त्या प्रश्नाचं हे उत्तर बरोबर आहे का, तेवढंच बघायचं. आणा पेपर."

आणि हातात लाल पेन्सिल घेऊन ते मंजुळाचं उत्तर तपासायला बसले! मला वाटलं, सुटलो. कसलं सुटलो! पहिल्याच ओळीला त्यांच्या कपाळावर आठी. "अं आणि अः स्वरांत घातलेत. ते स्वरादी. एक गुण गेला."

आठातले राहिले सात. अठ्ठावीस आणि सात पस्तीस. आता अर्धा गुण जरी गेला तरी पोरीचं लग्न ठरलंच. सर एकेक व्यंजनावरून पेन्सिल फिरवत होते. क, ख, ग, घ. माझा जीव टांगणीला. ट-वर्गापाशी पेन्सिल थांबली. मी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे 'ण' साठी प्रार्थना केली असेल. कारण आगरी बोलीत ण नाही, ळ नाही. पोरीने बोलीप्रमाणे लिहिलं असलं तर संपलंच.

"ण आहे," सर म्हणाले. पेन्सिल पुढे गेली. "ळ पण आहे. अक्षर चांगलं आहे हो मुलीचं." पेन्सिल खाली ठेवली. "सात."

मी इतक्या जोरात सुस्कारा सोडला की बाहेरचा शिपाई आत डोकावला. सरांनी माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, की प्रश्न सदोष होता व त्याची जबाबदारी माझी. तो अर्ज मी ज्या आनंदाने लिहिला, तेवढ्या आनंदाने रजेचा अर्जसुद्धा कधी लिहिला नाही.

निकालाच्या दिवशी वर्गात प्रगतिपुस्तकं वाटण्याआधी मी उभी राहिले आणि म्हटलं, "मानववंश शिकवताना मी मंजुळाला उभं केलं, ते चुकलं. तुम्ही हसलात ते माझ्यामुळे हसलात. काळा रंग दाखवायचा होता, तर मी स्वतः फळ्यापाशी उभी होतेच की! मला स्वतःकडे बोट दाखवायचं सुचलं नाही, दुसऱ्याच्या पोरीकडे दाखवलं. मंजुळा, मला माफ कर." लूम तेवढे वाजत होते. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "बाई, मंजे तुमीपन आफ्रिका?"

"नाही रे, मी नगर," मी म्हटलं. पोरं हसली. मंजुळाही हसली, पण तोंडावर हात धरून, खाली बघत. माफ केलं की नाही ते काही बोलली नाही. का बोलावं तिने?

पुढे तो धडा मी वेगळा शिकवला. तक्ता फळ्यावर काढायचाच नाही. सगळ्या मुलांनी बाह्या वर करायच्या आणि कोपरापासूनचे हात बाकांवर ओळीने ठेवायचे, सगळ्यांत उजळ हात एका टोकाला, सगळ्यांत काळा दुसऱ्या टोकाला. काळ्या टोकाला पहिला हात माझा. मग खडू द्यायचा आणि सांगायचं, "मारा रेघ. इथे एक वंश संपला, इथे दुसरा सुरू झाला, दाखवा." मोमिनांचे, आगऱ्यांचे, तेलुगू विणकरांचे, ब्राह्मणांचे, सगळे हात असे मिसळून जायचे की पोरं भांडभांड भांडायची. रेघ कुणालाच मारता यायची नाही. माझा सगळा भूगोल विसरले असतील, पण तो हातांचा तास विसरलो नाही म्हणणारे अजून भेटतात. मग मला उगाच लाज वाटते, कारण तो तास कशातून आला ते मला माहीत आहे.

पण हे नंतरचं. तो मे महिना मी कसा काढला, माझं मला ठाऊक. मंजुळा पास झाली खरी, पण बापाने ऐन वेळी शब्द फिरवला तर? अंबाडीचं स्थळ हातचं कोण सोडतो? नारपोलीकडून वाजंत्रीचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. यजमान वैतागून म्हणाले, "जाऊन विचारून तरी ये." जायची छाती झाली नाही. कुठल्या तोंडाने जाणार होते?

जूनमध्ये शाळा उघडली. दहावीची हजेरी माझ्याकडेच होती. मंजुळाचं नाव घेतलं. उत्तर नाही. पुन्हा घेतलं. कुणीतरी म्हणालं, "नाय आली बाई." मी तिच्या नावापुढचा रकाना कोरा ठेवला, गैरहजेरीची खूण काही हाताने उमटेना. उरलेली नावं कशी घेतली कोण जाणे.

तास संपता संपता दाराशी कुणीतरी धापा टाकत उभं राहिलं. मंजुळा! दोन वेण्यांना नव्या रिबिनी, आणि हाताला धरून नऊ-दहा वर्षांची एक पोरगी, तिच्यापेक्षाही काळी, डोळे मात्र असे लुकलुकणारे की बघत राहावं.

"अगं, कुठे होतीस?" मी ओरडलेच. दोन महिन्यांची काळजी त्या एका ओरडण्यात बाहेर पडली.

"आफिसात, बाई. ही माजी बहीन. पाचवीत घातली. बापूस बोलला, त्या काल्या बाईंच्या शालेत दोघी जावा. चुकला तर कबूल करतान, अशी शाला बरी."

तेवढ्यात त्या धाकटीने मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं, कमरेवर हात ठेवला आणि अख्ख्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "माझे ताईला शून्य देनारी बाई ती तूच का?"

"हो गं बाई," मी म्हटलं, "तीच मी." आणि हजेरीपट उघडून मंजुळाची हजेरी मांडली.